कोपरा सॉफ्ट आहे

माझ्या लग्नाचा तात्यांनी काढलेला एकच फोटो आमच्या घरी आहे. त्यात बायकोची नथ आहे. बाकीची बायको नाही. नथीखाली वरच्या ओठाची एक कड आणि बाजूला मुंडावळीचे चार मणी, बस्स. हा फोटो त्यांनी मंगल कार्यालयाच्या गॅलरीतून, शेवटच्या खांबाला पाठ लावून काढला. पंधरा दिवसांनी पाकिटात घालून घरी आणून दिला आणि म्हणाले, "हंड्रेड पर्सेंट क्रॉप आहे. मोती मोज." मी मोजले. मग बायकोनं मोजले आणि तिचा चेहरा पडला. एक मोती कमी होता. नथ सराफाकडे गेली, मोती बसला, आणि बायको म्हणाली, "सातशे माणसं जेवून गेली, तू चार तास शेजारी उभा होतास, आणि दिसलं कुणाला, तर गॅलरीतल्या तात्यांना." त्या दिवसापासून आमच्या घरात तात्यांना मान आहे.

तात्या आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय अडुसष्ट. अंगकाठी ट्रायपॉडसारखी: तीन ठिकाणी वाकते आणि वाकली की कुठेतरी कटकन वाजते. खिशाखिशांचं हिरवट जाकीट, डोक्यावर तसल्याच रंगाची टोपी. जंगलात प्राण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून असतं तसलं. ते घालून ते दूध आणायला जातात, आणि दूधवाल्याच्या नजरेस बरोबर पडतात.

जगातली सगळी अंतरं तात्या मिलिमीटरमध्ये सांगतात. वाण्याचं दुकान पन्नास एमेमवर. बसथांबा दोनशेवर. गणपतीच्या मांडवात आरती चालू असताना "मूर्ती आपल्याला पंच्याऐंशीनं पुरेल" असं ते शेजारच्याच्या कानात सांगतात. मुलगा बंगळुरूला असतो. त्याचा विषय निघाला की म्हणतात, "तो रीचच्या बाहेर आहे."

रीच हा शब्द तात्यांच्या आयुष्यात निवृत्तीनंतर आला. त्याआधीची एकतीस वर्षं ते एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. निवृत्त झाले तेव्हा मुलानं एक कॅमेरा दिला, त्याच्याबरोबर येते ती १८-५५ची लेन्स लावलेला. तात्या तो घेऊन लोणी काळभोरजवळच्या कवडी पाटावर गेले. समोर मुळा-मुठेच्या पाण्यात एक राखी बगळा उभा होता. तात्यांनी बटण दाबलं. पडद्यावर नदी आली, पलीकडचा काठ आला, वाहत आलेला कचरा आला आणि मधोमध एक करडा ठिपका आला. शेजारी उभ्या असलेल्या एका इसमानं वाकून पाहिलं आणि सहज म्हटलं, "काका, रीच कमी पडतेय."

चारच शब्द. घरी येताना तात्या बसमध्ये एक अक्षर बोलले नाहीत असं काकू सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बँकेतून आणलेली एक कोरी फाईल काढली, तिच्यावर 'दूरची लेन्स' असं लिहिलं आणि आत पहिला कागद लावला. आज अशा सोळा फायली आहेत.

कारण तात्या लेन्स विकत घेत नाहीत, मंजूर करतात. प्रत्येक लेन्सचा एक प्रस्ताव असतो. एमेम किती, तोंड किती, वजन किती, दुरुस्ती कुठे होते, पाच वर्षांनी विकली तर काय येईल, हे सगळे रकाने. जामीनदार दोन लागतात. म्हणजे ती लेन्स निदान दोन पावसाळे वापरलेली दोन माणसं. त्यांना तात्या फोन करून तासभर उलटतपासणी घेतात. मग लाल शाईत शेरा: 'पहाटेच्या उजेडाबाबत त्रुटी. पूर्ततेसाठी परत.' प्रस्ताव कुणी पाठवलेलाच नसल्यामुळे तो परत तात्यांकडेच येतो.

एकदा काकूंनी मला विचारलं, "हे झोपेत सिक्स हंड्रेड एफ-फोर म्हणून बडबडतात, ते काय असतं रे?" मी तोंड उघडायच्या आत तात्या स्वयंपाकघरात जाऊन एक ताटली आणि एक वाटी घेऊन आले.

"सहाशेला चारनं भाग. दीडशे. म्हणजे लेन्सचं तोंड दीडशे मिलिमीटरचं हवं. ही ताटली. आता सहाशेला सहा पॉइंट तीननं भाग. पंच्याण्णव. ही वाटी. पक्षी दोघींतून सारखाच मोठा दिसतो. पण ताटलीत वाटीच्या अडीचपट उजेड येतो."

"आणि पैसे?"

"वाटी एक-दीड लाखात येते," तात्या म्हणाले आणि जरा थांबले. "ताटली दहा लाखांच्या पुढे."

"म्हणजे उजेड अडीचपट आणि पैसे सातपट?"

कर्ज विभागात केस पांढरे केलेला माणूस निरुत्तर झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "जंगलात पहाटे उजेडाला भाव असतो," ते पुटपुटले. "मग जरा उशिरा जात जा," काकू म्हणाल्या, आणि त्याच वाटीत त्यांनी आमटी वाढली.

तेव्हा ताटली राहिली स्वप्नात. प्रत्यक्षात तात्यांकडे एकामागून एक वाट्या आल्या. पहिली ७०-३००, ती विकली, कारण रीच कमी पडत होती. मग एक साधी ३००, झूम नसलेली, तिच्या मागे १.४चा कन्व्हर्टर. तीनशेचे चारशेवीस होतात, पण आत येणारा उजेड निम्मा होतो. दोनचा कन्व्हर्टर लावला तर उजेड पावच उरतो. "गवळ्याचा धंदा आहे रे," तात्या म्हणाले, "माप वाढतं, साय जाते." तीही विकली, कारण तिला झूम नव्हती. मग १५०-६०० आली आणि गेली, कारण तिला झूम होती, "झूमवाल्याला चालायचा आळस येतो." २०१५ साली निकॉननं २००-५०० काढली, ती दोन किलो तीनशे ग्रॅम भरायची. तात्यांनी ती दोन वर्षं गळ्यात वागवली आणि मग मानेच्या डॉक्टरांनी ती मंजूर केली नाही.

मग आली ५००, झूम नसलेली, फ्रेनेल काचेची. तो आमच्या सोसायटीतला सोन्याचा काळ. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी जाडजूड भिंगाला पायऱ्या पाडून ते पातळ केलं, आणि त्याच्या नावाची काच पोटात घेतल्यामुळे पाचशे एमेमची लेन्स दीड किलोच्या आत कशी आली, हे तात्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. वॉचमनला दोनदा सांगितलं. ही लेन्स तीन वर्षं टिकली. मग विकली. मी म्हटलं, "अहो, ती तर छान होती! शिवाय हलकी!" तात्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तेच तर. हलकी लेन्स हातात थरथरते."

थरथरीचा हिशेब असा की जितके एमेम, सेकंदाचा निदान तितकावा भाग. सहाशेला एकसहाशांश सेकंद. लांबच्या लेन्समध्ये पक्षी मोठा होतो तसा हाताचा कंपही मोठा होतो. हल्लीच्या लेन्समध्ये कंप आवरायची यंत्रणा असते, पण तात्यांचा भरवसा प्राणायामावर. अर्धा श्वास सोडायचा, मध्येच थांबायचं, आणि मग बटण. पक्षी उडायला तयार नसला की हा कुंभक लांबतो. एकदा सिंहगडाच्या पायथ्याशी स्वर्गीय नर्तकाची वाट पाहताना ते इतके निळे पडले की बरोबरच्या लोकांनी नर्तक सोडून त्यांचेच फोटो काढले.

या क्षेत्राची भाषाही घरात शिरली. फोटोतली पाठची झाडी लोण्यासारखी धूसर होते तिला तज्ज्ञ लोक बोके म्हणतात. पहिल्यांदा तात्या ओरडले, "अगं, बोके काय सुंदर आलेत!" तेव्हा काकू दुधाचं पातेलं झाकायला धावल्या होत्या.

तात्यांची श्रद्धा एकदाच डळमळली. तळमजल्यावरच्या आजोबांचा शाळकरी नातू सुट्टीत एक कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, "यात तीन हजार एमेम आहेत." तात्यांनी भिंतीचा आधार घेतला. खरोखरच लिहिलं होतं. निकॉनचा पी १०००, १२५ पट झूम. पोरानं कठड्यावर कॅमेरा टेकवला आणि चार इमारती पलीकडच्या गच्चीवरचं पापडांचं वाळवण दाखवलं. पापडावरचे जिरे दिसत होते. तात्या घरी गेले, संध्याकाळचं जेवले नाहीत. रात्री साडेअकराला माझी बेल वाजली. दारात तात्या, हातात फाईल, चेहऱ्यावर तेज.

"पाचशे एकोणचाळीस!"

"काय पाचशे एकोणचाळीस?"

"त्याचे खरे एमेम! लेन्सच्या तोंडावरच लिहिलेत. आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा आहे, म्हणून त्यात जग कापून येतं आणि मोठं वाटतं. तीन हजार हा सुपर बिल्ट-अप आहे रे. कार्पेट पाचशे एकोणचाळीस!"

पुण्यात राहणाऱ्या माणसाला याहून सोपं करून सांगणं शक्य नाही. मला क्रॉप फॅक्टर त्या रात्री, पायजम्यावर, कायमचा समजला. जिरे मात्र दिसत होते, हे मी बोललो नाही.

कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध असतं. दूध आटेपर्यंत तात्यांनी चंद्र दाखवायचा, असा शिरस्ता आहे. पण तात्या चंद्र दाखवण्याआधी चंद्राचा हिशेब दाखवतात. "सेन्सरवर चंद्र केवढा पडेल? एमेमला एकशेदहानं भाग. पाचशेची लेन्स असेल तर साडेचार मिलिमीटर. आणि सेन्सरची उंची चोवीस. म्हणजे पाचशे लावूनसुद्धा चंद्र म्हणजे ताटातली लिंबाची फोड. मोबाईलवाल्यांनी तर नावच काढू नये." एवढं झाल्यावर पोरं रांग लावतात, तर तात्या लेन्सला टोपण लावतात. "आज बघण्यात अर्थ नाही. पौर्णिमेला उजेड समोरून पडतो, खड्ड्यांना सावली नसते. सपाट दिसतो. अष्टमीला या." अष्टमीला कुणी येत नाही. अष्टमीला दूध नसतं.

ताडोब्याच्या वारीचं थोडक्यात सांगतो. जिप्सीच्या दांडीवर लेन्स टेकवायला बीन बॅग लागते. कापडी पिशवी, आत धान्य भरायचं. जाणते लोक रिकामी पिशवी नेतात आणि तिथेच तांदूळ विकत घेऊन भरतात. तात्यांना मोहर्लीच्या तांदळाचे जामीनदार मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी घरूनच काकूंच्या डब्यातली तीन किलो मटकी भरून नेली. पहिल्या सफारीला अवकाळी पाऊस कोसळला. लेन्सला रेनकोट होता, बीन बॅगेला नव्हता. वाघ दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पिशवी हाताला उबदार लागू लागली, फुगली आणि शिवणीतून पांढरी टोकं डोकावू लागली. तात्यांनी तीन सफाऱ्यांत टिपलेली सर्वांत जिवंत गोष्ट म्हणजे ते मोड. घरी आल्यावर मटकी दोनदा धुऊन काकूंनी सगळ्या मजल्याला मिसळ घातली.

मी एकदा धीर करून त्यांना चॅम्पियनची गोष्ट सांगितली. वनखात्यातला हा इंग्रज अधिकारी शंभर वर्षांपूर्वी वाघाच्या वाटेवर कॅमेरा लावून ठेवायचा आणि तार अशी बांधायचा की वाघाचा पाय लागला की फोटो निघावा. १९२७ साली त्याचं पुस्तक आलं. म्हणजे दूरची लेन्स नाही, जवळची हिकमत. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रीच मिळाली असती तर बिचाऱ्यानं असले उद्योग केले नसते," ते म्हणाले.

पावसाळ्यात तात्या कुठे जात नाहीत, कारण पावसाळा हा बुरशीचा काळ. लेन्सच्या आतल्या काचांवर दमट हवेत बुरशीची जाळी धरते आणि मग ती लेन्स कुणी फुकटही घेत नाही. म्हणून त्यांच्या दिवाणखान्यात एक ड्राय कॅबिनेट आहे: काचेचं दार, आत दिवा, दारावर आर्द्रतेचा हिरवा आकडा. पंचेचाळीस. बाहेर धो-धो पाऊस, भिंतींना ओल, आगपेटी पेटत नाही, आणि आत पंचेचाळीस. जुलैत कधीही त्यांच्याकडे जा, काकू तळलेले पोह्याचे पापड पुढे करतात आणि ते कुरकुरीत असतात. बरेच दिवस मला हे कोडं होतं. मग एकदा तात्या वीज बिल भरायला गेले असताना काकूंनी कॅबिनेट उघडलं आणि मागच्या कप्प्यातला, १५०-६०० जिथे असायची तिथला डबा काढला. "तिची जागा रिकामी झाली, तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "पुढची येईपर्यंत."

आता भिगवण. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्या दिवशी ताटली आली होती.

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटरवर उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी लागतं. हिवाळा सरत जातो तसं ते ओसरतं, चिखल उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित पक्षी चोची उलट्या करून चरत राहतात. तात्यांनी यंदा ठरवलं होतं की निदान एकदा ताटलीतून बघायचं. लेन्स भाड्यानं मिळतात. तीन दिवसांचं भाडं, अनामत, ओळखपत्राच्या दोन प्रती. स्वतःच कर्जदाराच्या बाजूला बसण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. सही करताना त्यांचा हात किंचित कापला.

पहाटे साडेचारला निघालो. मागच्या सीटवर सहाशे एफ-फोरची पेटी, तिला बेल्ट लावलेला. माझ्या मांडीवर पोळ्यांचा डबा, थर्मास, छत्री आणि तात्यांचं जाकीट. कुंभारगावच्या काठावर नावाडी तयार होता. त्यानं आमच्याआधी लेन्सला हात दिला.

उजाडत होतं. नावाड्यानं मोटर बंद केली आणि बांबूनं नाव ढकलत, बाजूबाजूनं, काही कामच नसल्यासारखी तो पुढे नेऊ लागला. सरळ अंगावर गेलं की थवा उडतो. हा मात्र रेंगाळत जायचा, थांबायचा, पुन्हा रेंगाळायचा. पाखरांनी त्याला पाहिलं आणि सोडून दिलं. हळूहळू गुलाबी पाय मोजता येऊ लागले. पंखाखालची लाली, चोचीचं काळं टोक, चिखलातून चोच फिरवताना होणारी बुडबुड. माझा श्वास थांबला. तात्यांचा आधीच थांबलेला होता.

"मागं घे," तात्या कुजबुजले.

नावाड्याला वाटलं त्याची ऐकण्यात चूक झाली. "म्होरं?"

"मागं! मागं! पाय कापले जातायत!" आणि मग माझ्याकडे वळून, दबल्या आवाजात, घाईघाईनं, "रोहित सव्वा मीटर उंच धर. सहाशेला फ्रेमची उंची म्हणजे अंतराचा पंचविसावा भाग. पूर्ण पक्षी बसवायला एकतीस मीटर लागतात. इथं वीससुद्धा नाहीत!"

नावाडी बांबूवर रेलला. "साहेब, पंधरा वर्सं झाली. समदी म्हनत्यात म्होरं घे. मागं घे म्हननारं तुमीच पयलं."

नाव मागे गेली. चाळीस मीटर झाले तेव्हा तात्यांनी हात वर केला. तेवढ्यात पाखरंही चरत चरत पलीकडे सरकली होती, साठ झाले. मग पुढे. मग ऊन चढलं आणि पाण्यावरची हवा थरथरायला लागली. या थरथरीला कुठली लेन्स उतारा नाही. दहा लाखांची काच लावली तरी मधली हवा फुकटचीच असते. ताटलीतून रोहित पाहिले तर ते उकळत्या आधणात उभे असल्यासारखे दिसत होते. त्याच वेळी आमच्या डोक्यावरून हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकदंबांची एक रांग आवाज करत गेली. मी मान वर करून पाहत राहिलो. तात्या पडद्यावर पाहत होते.

काठाला लागताना नावाड्यानं लेन्सकडे कौतुकानं पाहिलं. "झ्याक हाय," तो म्हणाला. "पर काल आल्यालं साहेब, त्यांची आठशेची हुती."

दुपारी जेवायला चिलापीचं कालवण होतं, ज्वारीची भाकरी होती. मी दोनदा वाढून घेतलं. तात्या भाकरीच्या तुकड्यानं ताटात रेघा ओढत होते. मी डोकावून पाहिलं. रश्श्यात आठशेला सहा पॉइंट तीननं भागलेलं होतं.

ही गोष्ट गेल्या जानेवारीतली. फेब्रुवारीच्या शेवटी तात्यांनी मला बोलावलं. त्यांची डिस्क भरली होती आणि सगळं नव्या डिस्कवर न्यायचं होतं. मी कॉम्प्युटरपुढे बसलो. 'भिगवण' या फोल्डरात दोनशे अकरा फोटो. 'ताडोबा'त शहाण्णव, त्यातले चाळीस मटकीचे. आणि 'टेस्ट' नावाच्या फोल्डरात एकतीस हजार.

प्रत्येक लेन्स आली की तात्या तिला दीड-दोन महिने उमेदवारीवर ठेवतात. मंजुरी दिवाळीच्या आसपास, आणि चाचणी जानेवारी ते मार्च, सकाळी सातला, कारण तेव्हा हवा स्थिर असते. गॅलरीत ट्रायपॉड, समोर पलीकडची इमारत. लेन्सची परीक्षा कोपऱ्यात होते. मधोमध सगळ्याच चांगल्या असतात, कोपऱ्यात बऱ्याच ढिल्या पडतात. ढिल्या पडल्या की तात्या म्हणतात, "कोपरा सॉफ्ट आहे." आणि कोपऱ्यात बारीक तपशील हवा, म्हणून पलीकडच्या सिल्व्हर ओकच्या फांदीवरचा काटक्यांचा एक गठ्ठा ते दर वेळी फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बसवतात. मधोमध जे येईल ते येईल: पाण्याची टाकी, वाळत घातलेली लुंगी, डिशची छत्री.

मी सहज एक फोटो उघडून कोपरा मोठा केला. काटक्यांच्या गठ्ठ्यावर घार बसली होती.

दुसरा उघडला. घार होती. ७०-३००च्या वर्षी नुसत्याच काटक्या आणि उडती सावली. ३००च्या वर्षी काटक्यांत एक लाल चिंधी, तार आणि मांज्याची गुंडी. १५०-६००च्या वर्षी घार पंख पसरून उन्हाच्या तिरिपीत बसलेली, खाली काहीतरी पांढरं लोकरीसारखं हलणारं. २००-५००च्या वर्षी दोन पिल्लं, नर उंदीर घेऊन आलेला, एकाच्या चोचीत शेपूट. ५००च्या वर्षी तर रोज सकाळचं: पिसं फुटताना, पंख झाडताना, घरट्याच्या काठावर धीर गोळा करत उभं राहिलेलं पिल्लू, आणि दुसऱ्या दिवशी रिकामा काठ. फोटोंची नावं मात्र 'एफ पाच-सहा, कोपरा', 'एफ आठ, कोपरा, बरा', 'एफ आठ, कोपरा, सॉफ्ट'.

मी तात्यांना हाक मारली. ते चष्मा लावून आले, वाकले. मी एकेक दाखवत गेलो. ते काही बोलले नाहीत. ५००चं वर्ष संपलं तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली.

"हे सगळं इथंच होतं?"

"तुम्हीच काढलंय."

"मी कोपरा बघत होतो," तात्या म्हणाले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे पाहून थबकल्या. "थांब, थांब. मागे जा. ते पिवळं काय आहे?" घरट्यात, लाल चिंधीच्या शेजारी, एक पिवळं फडकं अंथरलेलं होतं. तात्यांचं लेन्स पुसायचं फडकं. ते हरवलं त्या वर्षी काकूंनी ते ओटा पुसायला नेलं असा ठपका ठेवून फाईलला टिपण लावलेलं होतं. काकूंनी कप टेबलावर जरा जोरात ठेवला. "पाच वर्षं माझं नाव घेत होतात."

तात्यांनी फडकं मोठं केलं, आणखी मोठं केलं. मला वाटलं आता ते क्षमा मागतील.

"धागे बघ," ते म्हणाले, "एकेक वेगळा आलाय. पाचशे विकायला नको होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दूध घ्यायला खाली उतरलो, तर वरून तात्यांनी शुक शुक केलं. वर गेलो. गॅलरीत ट्रायपॉड लागलेला होता, नवी १८०-६०० चढवलेली. तात्या बाजूला झाले आणि मला डोळा लावायला सांगितलं. पिल्लू होतं, पांढुरकं, बावळट, आ वासलेलं. मधोमध.

"तात्या," मी म्हटलं, "मधोमध घेतलंत!"

"हो," ते म्हणाले आणि श्वास अर्धा सोडला. "कोपऱ्यात टाकी ठेवलीय. टेस्टला."